कार्डावरचे वचन आणि रोजची भाकर

नागपूर, जानेवारीचा दुसरा आठवडा

चिरंजीव भाच्यास,

वर्षअखेरच्या उपासनेत हाती आलेल्या वचनाच्या कार्डावरून चिरंजीवाने या महिन्याच्या शेवटी नोकरीचा राजीनामा देऊन एका प्रार्थनागटाबरोबर परराज्यात जाण्याचे ठरवले आहे, अशी बातमी मावसभावाच्या तोंडून फिरत फिरत नागपुरास पोचली आहे, आणि ती खरी असल्यास जन्मदात्या आईस ती सर्वांत शेवटी व परक्या तोंडून कळली, ही गोष्ट मामास राजीनाम्याहूनही अधिक लागली आहे. नाताळात आठ दिवस एका ताटात जेवणाऱ्या मुलाने आईला एक शब्दही सांगू नये, हे या घराण्यात पूर्वी घडलेले नाही.

त्या कार्डाचे मूळ आधी पाहावे. डिसेंबरच्या ३१ तारखेस रात्री मंडळी, म्हणजे एका चर्चमध्ये नियमाने जमणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय, सरत्या वर्षातील उपकार आठवते, साक्षी देते, मध्यरात्री प्रार्थनेत नव्या वर्षात पाऊल टाकते आणि मग प्रत्येक जण पवित्र शास्त्रातील एक वचन छापलेले कार्ड उचलतो. या चालीशी जवळचे नाते असलेली एक जुनी प्रथा जर्मनीतील हर्नहुट या वसाहतीत आढळते. तेथे मोरेव्हियन बंधुमंडळीने १७२८ मध्ये दररोज एक वचन सर्वांना देण्यास आरंभ केला आणि १७३१ पासून ती वचने वर्षाच्या पुस्तकात छापली जाऊ लागली. तेथील वचन साऱ्या मंडळीचे असे आणि एका दिवसापुरते असे, म्हणजे घरोघरी त्याच ओळीवर चिंतन होऊन दुसऱ्या सकाळी दुसरी ओळ येत असे. एकाच माणसाच्या वर्षभराच्या पोटापाण्याचा निकाल त्यावर लागावा, हा त्या पुस्तकाचा हेतू नव्हता.

चिरंजीवाच्या कार्डावर उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातील, देश आणि भाऊबंद सोडून निघण्याची अब्राहामास झालेली आज्ञा आहे, असे समजते. अध्याय मात्र त्या ओळीवर थांबत नाही. अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता, त्याने पत्नीस आणि पुतण्यास बरोबर घेतले होते, त्याच अध्यायात पुढे दुष्काळ पडून त्यास मिसरात जावे लागले, आणि ज्या पुत्राचे वचन होते तो पुत्र त्याच्या वयाच्या शंभराव्या वर्षी जन्मला. कार्डावर निघणे छापले जाते आणि पंचवीस वर्षांचे वाट पाहणे छापण्यास जागा नसते. पण देवाने अब्राहामास दोन्ही दिली होती. शिवाय तो चोरपावलांनी गेला नव्हता, एवढे तरी चिरंजीवाने ध्यानात घ्यावे.

चिठ्ठी उचलून आयुष्य ठरवण्याचा मोह थोरांनाही झाला आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत असताना १७३७ मध्ये, तिशीत, एका मुलीशी विवाह करावा की नाही याचा निर्णय तीन चिठ्ठ्यांवर सोपवला, विवाहाचा विचारच सोडावा अशी चिठ्ठी निघाली, त्या मुलीने काही दिवसांतच अन्य पुरुषाशी लग्न केले, आणि पुढे वाढलेल्या कलहात त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्ली यांना ती वसाहत सोडावी लागली. याच वेस्लींनी १७५५ मध्ये लंडनमध्ये कराराची उपासना सुरू केली, जी पुढे नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी करण्याची रीत पडली. या उपासनेत वर्ष कसे जाईल हे देवास विचारले जात नाही. काम मिळो अथवा बाजूस बसवले जावो, माणूस देवाचाच राहील, असा शब्द माणूस देवास देतो. वर्षारंभी श्रद्धेचे खरे कृत्य कोणते, याचे उत्तर या दुसऱ्या वेस्लींकडे आहे, असे मामाचे ठाम मत आहे.

नागपूरच्या मुलास तर दूरच्या उदाहरणांची गरजच पडू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. टिळकांनी त्या भाकितावर विसंबून काहीही केले नाही. त्यांनी पुस्तक वाचले, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले, शंका काढल्या, प्रार्थना केली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. ही धीमी तयारी चिरंजीवाने डोळ्यांपुढे ठेवावी, आणि त्याच वेळी तिची दुसरी बाजूही विसरू नये: त्या दिवशी पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या, या निर्णयाने दोघांचा संसार काही वर्षे दुभंगला, आणि घरच्या माणसावर अशा निर्णयाची कुऱ्हाड कशी कोसळते हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळते. ते पुस्तक चिरंजीवाच्या आईच्या कपाटात आहे आणि तिने ते अनेकदा वाचले आहे. तिला या बातमीने काय वाटले असेल, ते त्यावरून ओळखावे.

याच नागपूर शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच संयुक्त झालेली उत्तर भारतातील मंडळी यांनी एका मेजाशी प्रभुभोजन घ्यावे, यासाठी १९२९ पासून बोलणी चालली होती, मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, आणि अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी तर अगदी शेवटच्या घटकेस मागे फिरली. चार दशके माणसे बोलत राहिली, एकमेकांस दुखवीत आणि पुन्हा भेटत राहिली, आणि पवित्र आत्म्याचे मार्गदर्शन त्यांना त्या बोलण्यातूनच लाभले. मग एका तरुणाने एका रात्रीत, कोणाशीही न बोलता घेतलेल्या निर्णयास देवाचा आवाज का म्हणावे? पाळकसाहेबांना विचारले काय? आईस विचारले काय?

एवढे कठोर लिहिल्यावर हेही लिहिले पाहिजे की चिरंजीवाच्या वयात मामासही मोठ्या सभांचे, रात्रभरच्या गायनाचे आणि भरून येणाऱ्या अंतःकरणाचे वेड होते, आणि घरी चिरंजीवाचे आजोबा संध्याकाळी सर्वांना बसवून जी कौटुंबिक उपासना घेत, ती त्यापुढे अळणी वाटे. आजोबा एक अध्याय वाचीत, शेजाऱ्यांची, आजाऱ्यांची आणि कर्ज दिलेल्या सावकाराचीही नावे घेत, आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेने शेवट करीत. त्या प्रार्थनेत आजच्या भाकरीचे मागणे आहे, वर्षाच्या धान्याचे नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मिळालेला मान्नाही रोज वेचावा लागे आणि दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला की त्यात किडे पडत. ओढाताणीच्या त्या वर्षांत आजोबांना रोज पुरेल एवढाच विश्वास रोज कसा मिळत होता, हे त्यांना विचारायचे राहून गेले, आणि विचारण्याची बुद्धी झाली तेव्हा खुर्ची रिकामी होती. चिरंजीव लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून ‘आमेन’ इतक्या मोठ्याने म्हणत असे की सारे घर हसे.

तेव्हा राजीनाम्याबद्दल मामाचे मागणे लहानच आहे. कार्ड फाडू नये, पाकिटात ठेवावे, आणि संपूर्ण अध्याय या महिन्यात रोज सकाळी एकदा वाचावा; नोकरीतील कोणत्या गोष्टीने जीव कंटाळला आहे, वरिष्ठांचा जाच आहे की एकटेपण आहे, हे मन मोकळे करून कोणाजवळ तरी बोलावे. मुलाच्या मनात काही दुखत असावे आणि ते सांगण्याऐवजी त्याने वचनाचा आधार घेतला असावा, ही शंका मामास रात्री झोपू देत नाही, आणि सारा राग खरे तर त्या काळजीचाच आहे. या सर्वानंतरही जाणेच योग्य वाटले तर जावे. मंडळीसमोर डोक्यावर हात ठेववून आशीर्वाद घेऊन जावे, प्रवासाचे पैसे मामा देईल, आणि सहा महिन्यांनी परत यावेसे वाटले तर कोणीही कारण विचारणार नाही.

संत्र्यांची पेटी ओळखीच्या माणसाबरोबर गरीबरथाने पाठवली आहे. अर्धी खोलीतल्या मित्रांना द्यावी. पुण्यात सकाळी गारठा असतो, गाडीवर निघताना आईने विणलेला स्वेटर घालावा. मामास उत्तर सवडीने लिहिले तरी चालेल, आईस मात्र आज रात्री फोन करावा, ती जेवायची थांबली आहे.

मामा