रिपीटरची अँटेना : चार पावसाळे टिकेल अशी

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेत अँटेनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांना आठवतो त्यांना वाटणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उल्हास नदीने काठ सोडला आणि ठाणे जिल्ह्यात ठिकठिकाणी वीज व दूरध्वनी बंद पडले. वसतिगृहातील मुलांच्या अंगाला ओल लागली नव्हती. परंतु डोळखांब आणि टोकावडे परिसरातील त्यांच्या आईवडिलांना ‘मुले सुखरूप आहेत’ हे तीन शब्द कळविण्याचा मार्ग आमच्याजवळ नव्हता. त्याच्या बरोबर सात महिने आधी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा तेथील बातमी बाहेर आणण्याच्या कामी हौशी रेडिओचालक आले होते. भारती प्रसाद या रेडिओचालक त्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या.

आता काही माजी विद्यार्थी हौशी रेडिओचा परवाना मिळवून बसले आहेत आणि शहापूर-मुरबाडसाठी रिपीटर उभारण्याकरिता वर्गणी जमवू पाहतात. दूरसंचार विभागाची परवानगी हा वेगळा विषय आहे. येथे केवळ अँटेनाविषयी लिहितो, कारण पैसा वाया जाण्याची खरी जागा तीच.

रिपीटर म्हणजे उंचावर बसविलेला निरोप्या. हातातील लहान संचाचा क्षीण आवाज तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्याने सांगतो. आपल्याकडे हौशींना यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर. या लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत, जवळजवळ सरळ जातात. अँटेनाची भोवतालच्या मुलखापासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणावे, म्हणजे सपाट प्रदेशातील पल्ला साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळतो. १०० मीटरला ४१ किलोमीटर, ४०० मीटरला ८२. माहुलीकडे बोट दाखविण्याचा मोह येथेच होतो. पण तो किल्ला आणि भोवतालचे जंगल आहे, तेथे मनोऱ्याचा विचारही करू नये.

उंचीचा एक तोटा फारसा कोणी सांगत नाही. अँटेनाची ‘वाढ’ म्हणजे नवी शक्ती नव्हे; चहूकडे जाणारी शक्ती दाबून क्षितिजाकडे वळविणे. सहा डीबीडी वाढीच्या अँटेनाचा उभा झोत सुमारे १५ अंश जाड असतो, नऊ डीबीडीचा त्याच्या निम्मा. आता ७०० मीटर उंच कड्यावरून तीन किलोमीटरवरचा पाडा पाहा : तो क्षितिजाच्या १३ अंश खाली आहे. झोत त्याच्या डोक्यावरून कल्याणकडे निघून जाईल आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला तेच बहिरे राहतील. म्हणून जाहिरातीतील मोठा आकडा पाहून निवड करू नये. मध्यम वाढीची, शक्यतो झोत थोडा खाली झुकविलेली अँटेना आपल्या मुलखाला बरी.

बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. एक, पांढऱ्या फायबरग्लासच्या नळीत बंद असलेली. दुसरी, खांबालगत अॅल्युमिनियमच्या बंद कड्यांसारखे चार घटक उघडे दिसणारी, जिला फोल्डेड डायपोलची रांग म्हणतात. आमच्या विज्ञान मंडळाने पूर्वी प्रयोगासाठी पहिल्या जातीची स्वस्तातली अँटेना छपरावर लावली होती. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या श्रावणात वारा सुटला की करकर सुरू होई आणि वारा पडला की थांबे. अखेर ती खाली उतरवून करवतीने कापली. आत दोन ठिकाणी डाग सुटलेला, तांबे हिरवे पडलेले, आणि तळाशी वाटीभर पाणी. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेले छिद्र आम्हीच रंग देताना बुजविले होते! दोष सगळा नळीचा नव्हता, हे कबूल करतो. तरी रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. असा एक सैल सांधा त्याच्या बोलण्याचाच गोंगाट त्याच्या कानात घालतो.

उघड्या डायपोलचा धातू विद्युतदृष्ट्या थेट खांबाशी जोडलेला असतो. त्यामुळे ढगाळ हवेत साठणारा भार जमिनीत निघून जातो. थेट वीज पडली तर कोणतीच अँटेना निर्धास्त नाही. मनोऱ्याला जाड भूसंपर्क हवाच. पण ओलावा शिरलेली नळी विजेच्या तापाने फुटते, डायपोल पुष्कळदा वाचतो. तो जड आहे, महाग आहे, वारा अधिक धरतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून खांब भक्कम आणि खिळेबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तरीही माझे मत डायपोलच्या बाजूने आहे.

केबलवर काटकसर करणाऱ्यांनी एवढे पाहावे. ३० मीटर लांबीत आरजी-२१३ केबल या लहरींवर साठ टक्क्यांच्या आसपास शक्ती गिळते; अर्ध्या इंचाची तांब्याच्या सलग आवरणाची केबल तीस टक्क्यांच्या आत. शिवाय पाणी शिरलेल्या केबलवर एसडब्ल्यूआरचा काटा उलट चांगला दिसतो, कारण परत येणारी शक्तीही वाटेतच मरते. काटा पाहून निश्चिंत होणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत.

जोडणीसाठी एन जातीचा कनेक्टर घ्यावा. त्यावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, तिच्यावर पीव्हीसी पट्टी. गुंडाळणी खालून वर. घर शाकारताना पेंढ्याचा थर खालून वर का चढवितात, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. इमारतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते.

दरवर्षी वैशाखात, मृग लागण्यापूर्वी, कुणीतरी पट्टा बांधून वर चढायचे, बोल्ट आवळायचे, पट्टी पाहायची आणि काट्याचे वाचन वहीत टिपायचे. पहिल्या दिवसाचे वाचन त्या वहीच्या पहिल्या पानावर असावे. वही भौतिकशास्त्राच्या कपाटात राहील; किल्ली अधीक्षकांकडे.