तांबडा दगड आणि लपलेले पाणी

मुलांनो, आपल्या साखरखेर्ड्याच्या शिवारातील माती काळी आहे. पावसात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. विहीर खणताना तिच्याखाली मुरूम लागतो आणि मग काळा, कठीण दगड. या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. लोणारचे सरोवर याच दगडात आहे.

कोकणात गेलात तर मात्र माती तांबडी दिसेल. रस्ते तांबडे, घरांच्या भिंती तांबड्या, पहिल्या पावसाचे पाणीही तांबडे! नवल असे की, ही तांबडी माती बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्याच काळ्या दगडापासून झाली आहे. मग फरक कशाने पडला? पावसाने. बुलढाणा जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात 3,000 मिलिमीटरांहून अधिक. चार महिने मुसळधार पाऊस आणि नंतर कडक ऊन, असे लाखो वर्षे चालले. पावसाने दगडातील चुना आणि सिलिका हळूहळू धुऊन नेली. लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. लोखंडी बादली ओली राहिली की तिला तांबूस गंज चढतो ना? तसेच या लोहाचे झाले. या दगडाला मराठीत जांभा म्हणतात. सन 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने केरळातील अंगडिपुरम येथील असा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट.

हे नाव अगदी योग्य आहे. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो. त्याचे विटेसारखे, पण बरेच मोठे तुकडे कापतात. त्यांना चिरे म्हणतात. वारा लागला, ओल सुकली की चिरा टणक होतो. कोकणातील घरे, विहिरी, मशिदी, मंदिरे अशा चिऱ्यांनी बांधलेली आहेत. शेतीसाठी मात्र ही जमीन गरीब आहे. तिच्यात नत्र व चुना कमी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, खड्डे खणून त्यात दुसरीकडची माती आणि शेणखत भरावे लागते. तेव्हा कुठे तेथे हापूस आंबा व काजू येतो.

जांभ्याला बारीक छिद्रे असतात. त्यातून पावसाचे पाणी झिरपते. म्हणून एवढा पाऊस होऊनही सड्यावरच्या वाड्यांत मे महिन्यात पाण्याचे हाल होतात. हे पाणी जाते कोठे? याचे उत्तर बीदरच्या लोकांनी शोधले.

बीदर हे शहर आज कर्नाटकात आहे. त्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांत मराठीही बोलली जाते. तेथे आता कोकणाएवढा पाऊस नाही, पण फार प्राचीन काळच्या ओल्या हवेत बनलेला जांभा आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशाह वली याने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला आहे. बिदरी भांड्यांना काळा रंग आणण्यासाठी कारागीर किल्ल्यातीलच माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती तेथील कारेझ. वर सच्छिद्र जांभा, खाली घट्ट बेसॉल्ट. झिरपलेले पाणी या दोहोंच्या सांध्यावर अडते. इराणी पद्धतीने त्या पाण्यापर्यंत भुयार खोदले आणि त्याला अगदी थोडा उतार दिला. पाणी मोटेशिवाय आपोआप वाहू लागले. वरून ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवल्या, म्हणजे हवा मिळते व गाळ काढता येतो. नौबाद येथील कारेझ दोन किलोमीटरांहून लांब आहे.

पुढे लोकांना तिचा विसर पडला. काही विहिरी कचऱ्याने बुजल्या, काहींवर बांधकामे झाली. अलीकडे नौबादच्या भुयारातील गाळ काढण्यात आला. कोकणातही आज यंत्राने चिरे झपाट्याने कापले जातात. खाणीतल्या मजुराची भाकर त्यावर आहे, हे खरे. परंतु कापलेला जांभा आपल्या हयातीत पुन्हा तयार होणार नाही आणि पाणी मुरवणारा थरही त्याच्याबरोबर जातो. खाण किती खोल न्यावी, हे ठरवताना खालच्या वाडीतील विहिरीचाही विचार झाला पाहिजे.

स्वाध्याय
1. कोकणात पाऊस भरपूर असूनही सड्यावर पाणीटंचाई का होते?
2. कारेझमध्ये पाणी आपोआप कसे वाहते? आकृती काढून सांगा.
3. तुमच्या गावातील एका विहिरीत वरून खाली कोणकोणते थर दिसतात, ते पाहून लिहा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या.