होडीची झळाळी : ती का जाते आणि थोड्या श्रमांत कशी राखावी

गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरग्लासच्या होड्या आज सर्वत्र दिसतात. लाकडी होडीला काजूच्या टरफलांचे तेल वेळोवेळी द्यावे लागते, हे नाखवाच्या घरातील लहान मूलही जाणते. उलट ‘फायबरच्या होडीला काही करावे लागत नाही’ असा समज मात्र पुष्कळ ठिकाणी आढळतो. नवी होडी आरशासारखी चमकते; काही वर्षांनी तीच भिंतीच्या चुन्यासारखी निस्तेज होते, आणि बोट फिरविले असता बोटाला पांढरी भुकटी लागते. ही भुकटी कोठून येते, हा आजच्या पाठाचा विषय होय.

प्रथम होडीची घडण पाहू. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची होडी बांधली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रकार जगभर पसरला. अशी होडी बाहेरून आत बांधली जाते. होडीच्या आकाराचा पोकळ साचा आतून घासून व मेण लावून गुळगुळीत करतात. त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या राळेचा पातळ थर फवारतात. तो पुरेसा घट्ट झाल्यावर त्यावर काचतंतूंच्या चटया अंथरून त्यांत राळ मुरवितात. सर्व सुकल्यावर होडी साच्यातून बाहेर काढतात. म्हणजे जो थर सर्वांत आधी दिला, तोच होडीचा सर्वांत बाहेरचा थर ठरतो. यालाच ‘जेलकोट’ म्हणतात. त्याची चकाकी ही वस्तुतः साच्याच्या गुळगुळीतपणाची हुबेहूब प्रत असते.

या थराची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन पोस्टकार्डांएवढी असते. आतल्या काचतंतूंचे ऊन, पाणी व खार यांपासून रक्षण करण्याचे काम एवढ्याशा थराला करावे लागते. म्हणून झळाळीचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. हा थर झिजून गेला, तर पाणी काचतंतूंपर्यंत पोहोचते आणि होडीचे आयुष्य घटते. ज्या घराची चूल होडीवर पेटते, त्या घराला ही गोष्ट क्षुल्लक नाही.

आता झळाळी का जाते ते पाहू. राळेचे रेणू लांब साखळ्यांनी एकमेकांस बांधलेले असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरील या साखळ्या हळूहळू तोडतात. राळ तुटली की तिने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण सुटे होतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच. पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाशाचे किरण एकाच दिशेने परावर्तित करतो, म्हणून तो चमकतो. खडबडीत पृष्ठभाग तेच किरण चहूकडे विखुरतो, म्हणून तो फिका दिसतो. गडद निळ्या वा तांबड्या होडीवर हा फिकेपणा लवकर डोळ्यांत भरतो; पांढरीवर तो लपून राहतो.

याची प्रचीती घेण्यास एक सोपा प्रयोग आहे. निस्तेज होडीच्या कडेवर ओंजळभर पाणी टाका. ओल्या भागाचा मूळ रंग क्षणात परत येतो, आणि पाणी सुकताच पुन्हा जातो. असे का व्हावे? हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३ आणि राळेचा सुमारे दीड आहे. खळग्यांत हवेऐवजी पाणी भरले की दोन माध्यमांतील अंतर कमी होते, वरची पातळी सपाट होते, आणि प्रकाश पूर्वीइतका विखुरत नाही. यावरून दोन गोष्टी कळतात : रंग मेलेला नाही, आणि झळाळी परत आणण्याचे दोनच मार्ग आहेत. खळगे घासून काढावेत किंवा ते भरून टाकावेत.

घासण्यासाठी रबिंग कंपाउंड नावाचा बारीक कणांचा लेप मिळतो. आधी जाड व मग बारीक लेपाने घासले की खालचा ताजा थर उघडा पडतो. परंतु प्रत्येक घासणीत त्या अर्ध्या मिलिमीटरातला काही भाग कायमचा जातो. घासताना खालील काचतंतूंची वीण दिसू लागली, तर तत्काळ थांबावे. मग होडी रंगविण्यावाचून उपाय उरत नाही. घासणीची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, आणि हे काम मोठ्या माणसांनीच करावे.

भरण्याचे साधन म्हणजे मेण किंवा पातळ ॲक्रिलिक लेप. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण कठीण असते व सुमारे ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वितळते. तथापि कडक उन्हात तेही काही महिनेच टिकते. ॲक्रिलिक लेपाला कमी श्रम लागतात. तो फडक्याने पाण्यासारखा पुसून लावावयाचा असतो, काही मिनिटांत सुकतो आणि चार-पाच हातांनंतर चकाकी येते. मात्र आधीची भुकटी व जुने मेण पूर्ण काढले नाही, तर तो धरत नाही. आणि वेळेवर नवा हात दिला नाही, तर पिवळा पडून त्याचे पापुद्रे निघतात. भुकटी न काढताच मेण चोपडणे हीही व्यर्थ मेहनतच, कारण ते भुकटीबरोबरच निघून जाते. मेण लावावयाचे ते सावलीत. तापलेल्या पृष्ठभागावर ते पसरण्यापूर्वीच सुकते.

आता श्रमांचा हिशेब करू. होडी ८ मीटर लांब आणि पाण्यावर दिसणारी बाजू सरासरी ०.८ मीटर उंच मानू. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर झाले. होडी निस्तेज होऊ दिली, तर जाड लेप, बारीक लेप, पॉलिश आणि मेणाचे दोन हात असे पाच फेरे, म्हणजे ६५ चौरस मीटर काम पडते. त्यातील घासणीत तर एकाच जागी हात कितीतरी वेळा फिरवावा लागतो. वेळच्या वेळी वर्षातून दोनदा मेण लावले, तर काम २६ चौरस मीटरच, आणि तेही हलके. शिवाय यात जेलकोट झिजत नाही.

याहून स्वस्त उपाय दोन आहेत. पहिला गोड्या पाण्याचा : समुद्रातून परतल्यावर होडी धुवावी, कारण राहिलेला खार हवेतील ओलावा ओढून घेतो. साबण सौम्य असावा. तीव्र साबणाने मेणही निघून जाते. दुसरा सावलीचा : होडी किनाऱ्यावर असेल तेव्हा तिच्यावर झावळ्यांचे छप्पर वा जाड कापड घालावे. अतिनील किरणच अडले, तर साखळ्या तुटणार कशा? पावसाळ्यासाठी होडी वर ओढण्यापूर्वी ती धुऊन, मेण लावून झाकून ठेवली, तर पुढील हंगामात ती बरीचशी तयारच असते.

ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांनी या सुट्टीत बोट फिरवून आणि पाणी टाकून तिची परीक्षा घ्यावी. भुकटी नसेल व पाण्याचे गोल थेंब बनून ओघळत असतील, तर धुणे आणि मेण पुरे. पाणी पसरून मुरल्यासारखे दिसत असेल, तर मेण संपले आहे असे समजावे. भुकटी लागत असेल, तर घासणीचे काम वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे. आणि जेलकोट अर्धा मिलिमीटरच असतो, हेही त्यांना अवश्य सांगावे.