पाणी, पैलू आणि कोंदण

जुन्या दागिन्यातील रत्नाचे मोल वजन, रंग, निर्दोषता आणि घडण यांवर ठरते, एवढे म्हटले की जवाहिऱ्याचे काम भागते. साहित्याभ्यासकाचे येथूनच सुरू होते. संस्कृत रत्नपरीक्षेच्या ग्रंथांना ६ टोके, ८ बाजू व १२ धारा असलेला, निसर्गानेच घडविलेला हिरा उत्तम वाटतो. पैलू पाडणे ही मागाहून आलेली कला. मराठीत मात्र तीच संस्काराची प्रतिमा होऊन बसली. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असलेला ‘नाशिकचा हिरा’ १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती गेला. भारतीय कारागिराने त्यात वजन राखले होते. लंडनमध्ये, आणि पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांच्याकडे, तेजासाठी ते छाटले गेले. सुमारे ९० कॅरटांचा हिरा ४३.३८ कॅरटांवर आला. बाजाराच्या लेखी हे मोल वाढणे. देवस्थानाच्या लेखी काय, हे कोणी विचारले नाही.

कोंदणातील रत्नाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्यामागे चकाकता पातळ पत्रा असतो, म्हणजे त्याचे ‘पाणी’ काही अंशी उसनेच. पारखी त्यास तोलू शकत नाही, मागून निरखू शकत नाही. आणि परीक्षेसाठी बाहेर काढले, तर रत्न हाती येते, पण दागिना मोडतो.