सूनबाई, लसूण जपून

सूनबाई, आपल्या माळव्यात लसणाला तोटा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर धार, देवास, मंदसौर, साऱ्या मंड्या लसणाच्या कट्ट्यांनी भरून जातात. रतलामकडच्या रियावनच्या लसणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दाल-बाफल्यासोबत लसणाची लाल चटणी हवीच, ती तू खुशाल कर. माझं सांगणं आहे ते सकाळी उठून कच्च्या पाकळ्या गिळण्याबद्दल.

लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होतं, झणका त्याचाच. फोडणीत तो झणका बराच मरतो. कच्चा लसूण मात्र अनशापोटी अन्ननलिकेला झोंबतो. छातीत जळजळ, मळमळ, कधी जुलाब. पित्ताची प्रकृती असेल त्याने तर नादीच लागू नये. ज्यांचं पोट सतत फुगतं त्यांना शिजलेलाही सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ताज्या लसणाचं प्रमाण दिवसाला दोन ते पाच ग्रॅम दिलंय, म्हणजे मध्यम पाकळी एखाद-दुसरी. आपल्याकडची ऊटी लसणाची पाकळी देशीपेक्षा चांगली जाड असते, तेव्हा नुसत्या पाकळ्या मोजू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लसणाने रक्त गोठायला वेळ लागतो. भाजीतल्या चार पाकळ्यांची धास्ती नको, पण रोज मूठभर कच्चा लसूण किंवा त्याच्या कॅप्सूल चालू असतील तर भीती खरी आहे. घरात कुणी वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही सुरू करू द्यायचं नाही. शस्त्रक्रिया ठरली की निदान आठवडाभर आधी बंद. दाढ काढायची असली तरी दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. लोक ‘घरचंच तर आहे’ म्हणून हे सांगत नाहीत आणि मग रक्त थांबता थांबत नाही. रक्तदाबाची गोळी सोडून लसणावर राहणाऱ्याला तर तू ठामपणे अडव, मग तो वयाने कितीही मोठा असो.

कच्चा लसूण वाटून अंगावर बांधू नकोस, लेकराच्या तर मुळीच नाही. कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. बाळाच्या मालिशीच्या तेलात लसूण चांगला लाल होईतो तळून, गाळून टाक. कानात मात्र थेंबही घालायचा नाही.

आणि ते तेलात बुडवून ठेवलेल्या लसणाच्या बरण्या. बाहेर ओट्यावर ठेवल्या की हवा न लागल्याने आत बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि त्याला ना वास येतो ना चव बदलते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात अशाच तेलातल्या लसणाने ३६ माणसं आजारी पडली होती. म्हणून तेलातला लसूण थोडाच करायचा, लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि तीन-चार दिवसांत संपवायचा. जास्त दिवस टिकवायचं असेल तर खोबऱ्याची कोरडी चटणी कुटून ठेव, तिला पाण्याचा हात लागू देऊ नकोस.