बाळाच्या आगमनाची पूर्वतयारी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी नेसवून सुनेची ओटी भरतात, फुलांच्या वाड्या घालतात, पेढा की बर्फी असा गमतीचा कौल घेतात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. आता फक्त वाट पाहावयाची, अशी समजूत असते. वस्तुतः खऱ्या तयारीचा आरंभ व्हावयास हवा तो येथूनच. ती कशी करावी, याचा विचार आम्ही या महोत्सवी स्मरणिकेत आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. गर्भवती भगिनींनी तो वाचावाच. परंतु त्यांचे पती व सासूबाई यांनी तो आधी वाचावा, अशी आमची विनंती आहे.

पुष्कळ घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही आणू नये, असा रिवाज आहे. त्या रिवाजाशी आमचे भांडण नाही. नवजात बाळाला नव्या कपड्यापेक्षा वापरून मऊ झालेले, स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेले सुती कापडच अधिक मानवते. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी, भावंडांची झबली, कानटोपडे एवढ्यावर बाळाचे भागते. आम्ही ज्या तयारीविषयी बोलत आहोत ती बाजारात मिळत नाही. ती तयारी म्हणजे घरातील चौघांनी एकत्र बसून आधीच करून ठेवलेले निर्णय.

निर्णयांना एवढे महत्त्व का, ते सांगतो. बाळंतपणात माता का दगावतात याचा विचार करून थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ साली तीन विलंब दाखवून दिले. रुग्णालयात न्यावे की न्यावे, हे ठरविण्यात घरी झालेला पहिला विलंब. वाहन व रस्ता यांमुळे झालेला दुसरा. आणि तेथे पोहोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला तिसरा. प्रसूतीनंतर अति रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. त्या दोन तासांत विचारविनिमय करीत बसण्यास सवड नसते. तिसरा विलंब बहुधा आपल्या हाती नाही; पहिला मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि दुसराही बराचसा आहे.

पहिला निर्णय तारखेचा व ठिकाणाचा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावेत. पाळी १० मार्चला आली असेल तर तारीख १७ डिसेंबर येते. बाळ त्याच दिवशी येते असे नाही. सदतीस आठवडे पुरे झाल्यावर केव्हाही प्रसूती होऊ शकते. म्हणून तारखेच्या चार आठवडे आधी, या उदाहरणात १९ नोव्हेंबरपर्यंत, सर्व तयारी पुरी व्हावी. प्रसूती कोठे करावयाची हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. आपल्या भागात खानवेल येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि सिल्वासा येथे नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ७ मार्च २०२५ रोजी झाले. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, जुळे असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा बाळ आडवे असेल, तर शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले ठिकाणच निवडावे.

दुसरा निर्णय वाहनाचा. सिल्वासा शहरातील सदनिकेत राहणाऱ्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मांदोनी, सिंदोनी, दुधनी या बाजूच्या डोंगराळ गावांतून, आषाढातील पावसात, मध्यरात्री निघावयाचे असेल तर तो क्षुल्लक राहात नाही. १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, पाठ असावा. त्याखेरीज शेजारच्या एखाद्या गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. घर दूर असेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर तारखेच्या आठवडाभर आधी रुग्णालयाजवळ नातलगांकडे येऊन राहणे शहाणपणाचे. खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि घरून नेण्याआणण्याचे वाहन ही सर्व विनामूल्य आहेत.

तिसरा निर्णय माणसांचा. सोबत कोण जाईल, घरी मोठ्या मुलाला कोण सांभाळील, आणि पती कारखान्यात रात्रपाळीला असेल तर 'न्या' असे कोण म्हणेल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. "ह्यांना येऊ द्या, मग पाहू," या एका वाक्यापायी पहिला विलंब घडतो. सासूबाईंनी आधीच सांगून टाकावे, "सूनबाई, दुखू लागले की मला उठव. मी कोणाची वाट पाहणार नाही." रक्त देऊ शकतील अशा दोन निरोगी आप्तांची नावेही लिहून ठेवावीत. आपल्या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तपासणी झाली नसेल तर पतिपत्नी दोघांनीही ती करून घ्यावी व अहवाल डॉक्टरांना दाखवावा.

चौथा निर्णय माहेरचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली गोड चाल. कोणाचे माहेर जव्हारला, कोणाचे नाशिकला, कोणाचे धुळ्याला. परंतु तपासण्या येथे आणि प्रसूती तेथे, असे झाले म्हणजे नव्या डॉक्टरांना काहीच ठाऊक नसते. म्हणून जावयाचे तर आठव्या महिन्यातच, डॉक्टरांना विचारून जावे. माता व बालसंरक्षण कार्ड, रक्तगट व सोनोग्राफीचे कागद बरोबर न्यावेत. आणि पोहोचल्यावर चार दिवसांत तेथील आशाताईंना भेटून नाव नोंदवावे.

पिशवी मात्र आजच भरावी. तीत वरील कागद, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, थोडे पैसे, आईचे दोन सैल गाऊन, घड्या, टॉवेल, पेला, आणि बाळाची चार दुपटी, झबली, टोपडे व पायमोजे असावेत. ती दाराजवळ टांगावी व कोठे आहे ते सर्वांना दाखवून ठेवावे.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर कळांची वाट न पाहता तत्काळ निघावे : अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी वा डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात सुजणे, झटके, ताप, पोटात सतत तीव्र वेदना, आणि बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे. यांतील शेवटचे लक्षण आईलाच कळते. ती सांगेल तेव्हा "तुला वाटते तसे" म्हणून तिला गप्प करू नये.

बाळ आल्यानंतरच्या पहिल्या तासाचाही निर्णय आधीच करावा. बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, वरून पांघरूण घालावे आणि तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नये. रोगांपासून बाळाचे रक्षण करणारे घटक त्यात भरपूर असतात. मध, गुटी, साखरेचे पाणी काही चाटवू नये. सहा महिने केवळ आईचे दूध पुरते. पहिले चोवीस तास बाळाला आंघोळ नको. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नये; ती कोरडी ठेवावी. बाळंतिणीची खोली उबदार असावी, पण शेगडीच्या धुराने कोंदलेली नसावी.

आपला प्रदेश १९५४ साली मुक्त झाला तेव्हा आपल्या आज्या-पणज्या घरीच, सुईणीच्या हाती बाळंत होत असत. त्या सुईणींच्या धीराला व मायेला आम्ही नमस्कार करतो. परंतु त्यांच्या हाती रक्ताची बाटली नव्हती, आणि दाराशी वाहन उभे नव्हते. आज ती दोन्ही आहेत. त्यांपर्यंत वेळेवर पोहोचणे एवढेच आपल्याकडे उरले आहे. आपल्या घरात कोणाला सातवा महिना लागला असेल, तर ही स्मरणिका मिटून ठेवण्यापूर्वी चौघांनी एकदा बसावे आणि हे चार निर्णय एका कागदावर लिहून पिशवीत घालावेत. ओटी भरताना आपण सुनेला सुखरूप बाळंत होण्याचा आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादाला हा कागद जोडून द्यावा.