तीन चुलींवरचं जेवण

मेजरबाई, अंदमानच्या बदलीचा हुकूम आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. निम्मी काळजी, निम्मी चौकशी. "दादा, हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "लोणचं चांगलं की वाईट? किती आणि कशाबरोबर, त्यावर आहे." मी सिग्नल्सवाला. हयात तारा जोडण्यात गेली, त्यातली सात वर्षं नौदल नि हवाई दलवाल्यांच्या मांडीला मांडी लावून. करायच्या त्या सगळ्या चुका मी करून ठेवल्यात, तुझ्यासाठी फारशा उरल्या नाहीत. सवडीनं वाच.

१. बॅग भरण्याआधी स्वतःचा हिशेब मांड. कंपनी सांभाळून झाली का, तिचे रिपोर्ट पुरे आले का – कर्नलच्या बोर्डापुढे आधी बघतात ती माणसं सांभाळल्याची नोंद, मग बाकीचं पांडित्य. पेरणी उरकल्याशिवाय जत्रेला जाऊ नये.

२. पेरणी झाली असेल तर मात्र खुशाल जा, मागे वळून बघू नकोस – कारगिलनंतर, २००१ मध्ये, दिल्लीत तिन्ही दलांचं एकत्र मुख्यालय आलं आणि अंदमानला पहिली संयुक्त कमांड उभी राहिली. २०२० च्या पहिल्या दिवशी पहिले सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) कामावर रुजूही झाले. वारा कुठून वाहतोय ते कळायला हवामान खातं लागत नाही. पुढे मोठ्या खुर्च्यांवर तीन घरचं पाणी पचलेली माणसं लागणार.

३. तू चेन्नईच्या ओटीएतून आलीस, हे विसरू नकोस – तिथे फौजच फौज. खडकवासल्याच्या एनडीएतली पोरं तीन वर्षं तिन्ही दलांची मिळून एका स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकत्र शिक्षा भोगतात. तीस वर्षांनी एकाला विमान हवं असतं नि दुसऱ्याकडे ते असतं, तेव्हा काम फायलीवर होत नाही, "अरे ढापण्या" म्हणून होतं. तुझे ढापणे तुला आता नव्यानं जमवायचेत. पहिल्या महिन्यात दुसऱ्या दोन दलांतल्या दोघा-दोघांना घरी जेवायला बोलाव.

४. हुद्दे तोंडपाठ कर, खांद्यावरचे नि बाहीवरचे दोन्ही – आपला कॅप्टन म्हणजे कोवळं पोर, नौदलाचा कॅप्टन म्हणजे आपल्या कर्नलच्या बरोबरीचा. मी नवा असताना फोनवर "कॅप्टन अमुक बोलतोय" ऐकलं आणि ऐटीत म्हणालो, "हां, बोल बेटा." पलीकडे चार पट्ट्यांचे साहेब होते, सव्वीस वर्षं नोकरी झालेले. ते हसले, हे त्यांचं मोठेपण. मी मात्र पुढचा आठवडाभर त्यांच्या मजल्यावर जिन्यानं गेलो, लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून.

५. सलाम ओळखायला शीक – आपला तळवा समोर उघडा, नौदलाचा जमिनीकडे, आणि हवाई दलानं २००६ पासून मधला कोन धरलाय. तुझा तू आपलाच कर. पाहुण्याची नक्कल केली की पाहुणाही हसतो आणि घरचेही.

६. जहाजावर पाऊल ठेवताना क्वार्टरडेकला सलाम करायचा असतो, आणि तिथे भिंतीला भिंत नि संडासाला संडास म्हणत नाहीत. शब्द विचारून घे – विचारणाऱ्याची एक दिवस चेष्टा होते, न विचारणाऱ्याची बदली होईपर्यंत.

७. "आमच्या फौजेत असं नसतं" हे वाक्य गिळून टाक. माहेरचं कौतुक रोज सांगणारीचा चहा गार होतो – हे आपल्याकडे सुनांना सांगतात, खरं तर घरजावयांना सांगायला हवं. मी त्यातलाच.

८. वैमानिक दुपारी झोपलेला दिसला तर आळशी म्हणू नकोस, आणि खलाशी भरती-ओहोटीचं गाऱ्हाणं सांगू लागला तर बहाणा समजू नकोस – रात्री उडणाऱ्याची विश्रांती हा नियम आहे, आणि पाणी कुणाच्या हुकमावर चढत नाही. आधी "का?" विचार, मग रागव. बहुतेक वेळा रागवायचं राहूनच जातं.

९. आता मन लावून वाच, या कागदाचं मोल याच कलमात आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच विचार: माझा रिपोर्ट लिहिणार कोण, तपासणार कोण, वरून बघणार कोण, आणि आपल्या दलाचा माणूस त्या साखळीत कुठे आहे – दुसऱ्या दलाच्या साहेबाचं माप वेगळं असतं. एखादा सज्जन "चांगली अधिकारी" लिहून मनापासून खूश असतो आणि आपल्या बोर्डात त्या "चांगली"चा अर्थ "बेताची" असा लागतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याचं मापटं आणि आपलं मापटं निराळं, एवढंच. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच अदबीनं सांगावं, "सर, आमच्याकडे आकड्याला असा अर्थ आहे." हे मागणं नव्हे, माहिती आहे. वर्ष संपताना सांगितलंस तर मात्र ते मागणंच होतं.

१०. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धं पान लिहून ठेव: काय केलं, कुणासाठी, किती दिवसांत – आपल्या कामाचे शब्द नौदलाच्या साहेबाला आठवत नाहीत, त्याला ते लिहून द्यावे लागतात. आठवणीवर ठेवलेलं धान्य उंदीर आधी खातो.

११. आपल्या रेजिमेंटला वर्षातून दोनदा तरी तोंड दाखव. कोअर डेला जा, नाही जमलं तर पत्र टाक, जुन्या सीओंना फोन कर – नजरेआड गेलेली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यातली वाटायला लागते. आणि तुझ्यासारख्यांना हे जास्त लागू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर बायकांना कमांडचा रस्ता मोकळा झालाय, पण त्या रस्त्याची यादी मातृदलातच बनते.

१२. कायदा कुठला लागू, ते नीट समजून घे. तुला आर्मी ॲक्टच लागू राहतो, पण १० मे २०२४ पासून अमलात असलेल्या आंतरसेवा कायद्यानं संयुक्त कमांडच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार मिळालाय – पूर्वी गुन्हेगाराला त्याच्या दलाकडे परत धाडावं लागे, आणि धाडता धाडता साक्षीदारांच्या बदल्या होऊन जात. "माझे साहेब वेगळे" ही जुनी पळवाट आता बुजली. बरंच झालं.

१३. निरोप दिला की तो समोरच्याकडून परत म्हणवून घे, विशेषतः जागा, वेळ आणि ओळखीची खूण – १० डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धात, खुलनाजवळ आपल्या नौदलाच्या कमांडर सामंतांची छोटी तुकडी नदीतून आत घुसली होती: मुक्तिवाहिनीच्या पद्मा आणि पलाश, आणि आपली आयएनएस पनवेल. ओळखीसाठी पिवळी खूण लावलेली असूनही आपल्याच विमानांनी शत्रूच्या बोटी समजून हल्ला केला. पद्मा, पलाश गेल्या. पनवेल वाचली आणि नंतरही लढली. सामंतांना महावीर चक्र मिळालं. शूर दोन्ही बाजूंना होते, मधला निरोप तेवढा कच्चा राहिला. मी सिग्नल्सवाला, म्हणून मला हे पनवेल स्टेशनवरून गाडी जाताना दर वेळी आठवतं.

१४. दोन दलांनी मिळून वस्तू घेतली की दुरुस्ती कुणाची नि डिझेल कुणाचं, ते त्याच दिवशी कागदावर आण – सामायिक विहिरीवर घागरी सगळ्यांच्या, दोर कुणाचाच नाही. एका संयुक्त कार्यालयातला जनरेटर आम्ही अकरा महिने पत्रव्यवहारावर चालवला.

१५. मेसचं बिल वेळेवर भर. कारण सांगायला हवं का?

१६. तिथे आपले जवान कमी असतील, पण असतील. त्यांचे प्रमोशन कॅडर, त्यांची रजा, त्यांची कागदपत्रं तू स्वतः बघ – साहेबाचा तोटा साहेब बोलून दाखवतो, हवालदाराचा तोटा पेन्शनला गेल्यावर कळतो. चेन्नईची बोट तीन दिवस घेते, रजेत प्रवासाचे दिवस कसे धरलेत तेही तपास.

१७. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची परीक्षा बाकी असेल तर बेटावरच्या संध्याकाळी पुस्तकावर घाल, समुद्रावर थोड्या कमी – आता तुझ्या शेजारच्या टेबलावर नौदल नि हवाई दल जिवंत बसलंय. असा शिकवणीवर्ग पैसे देऊन मिळत नाही.

१८. मुदत संपली की निघ. "आणखी एक वर्ष थांबा, तुमच्यावाचून अडेल" असं कुणी प्रेमानं म्हणालं तर चहा घे आणि निघ – मी थांबलो होतो. काम मनासारखं होतं, लोक गोड होते, मुलीची शाळाही चांगली होती. परतलो तेव्हा माझ्या बॅचचे लोक युनिट सांभाळून मोकळे झालेले, आणि माझ्या फाइलमध्ये कौतुकाची पत्रं भरपूर, पण कमांडच्या रकान्यात रेघ. मी लेफ्टनंट कर्नल म्हणूनच घरी आलो. पहिल्या सहा वर्षांचा मला पस्तावा नाही, सातव्याचा आहे.

१९. जाताना पुढच्या माणसासाठी वही ठेव: कोण कुठे बसतो, कुठली फाइल कुणाकडे अडते, कुणाला सकाळी भेटावं नि कुणाला जेवणानंतर – तो बहुधा दुसऱ्या दलाचा असेल, आणि तुझं नाव त्याच्या मेसमध्ये त्या वहीवरून ठरेल.

२०. आणि तिथे मिळवलेली माणसं परतल्यावर सोडू नकोस. दिवाळी, ईद, नाताळ, एक ओळ पुरते – माझ्या बायपासच्या वेळी रात्री रक्त द्यायला आलेल्या तिघांपैकी दोघे नौदलाचे होते, आणि तिसरा तो, ज्याच्याशी मी जनरेटरवरून अकरा महिने भांडलो.

पोहोचलीस की आधी आईला फोन कर, मला दुसऱ्या दिवशी केलास तरी चालेल. आणि पहिला रिपोर्ट कुठल्या महिन्यात लिहिला जाणार, ते विचारून कळव. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.